दिग्या, तो दोन वर्षं गायला नाही

लिव्हिंगस्टन, स्कॉटलंड

प्रिय दिग्या,

फोनवर विषय काढला की तू लगेच क्रिकेटवर नाहीतर पाऊसपाण्यावर जातोस, म्हणून आता लिहूनच टाकतोय, लिहिलेलं मधेच तोडता येत नाही. वहिनींनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. गणपतीतल्या कार्यक्रमात दुसऱ्या अंतऱ्याला तुझा आवाज फाटला, कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा ग्रुपवर फिरवला, आणि तेव्हापासून पेटी कपाटावर गेली ती गेलीच. लोकांना सांगतोस घसा बसलाय. घशाच्या डॉक्टरांनी तर काही नाही म्हणून सांगितलं. आणि कार्यक्रमाची सुपारी घेऊन कुणी आलं की तुझ्या हाताला घाम फुटतो, छाती धडधडते, रात्रभर डोळा लागत नाही, हे तू कुणाला म्हणजे कुणालाच सांगत नाहीस.

तर तुला एका गायकाबद्दल सांगायचंय. लुईस कपाल्डी. नाव ऐकलं असशील, नसलं तरी त्याचं गाणं नक्की ऐकलंयस, रील्समधे कुणीतरी रडत असलं की मागे पियानोवर जे वाजतं ना तेच. मी राहतो तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर व्हिटबर्न म्हणून गाव आहे, हा तिथला. जन्म ग्लासगोचा, १९९६ चा, पण वाढला इथे. हा सगळा पट्टा कोळशाचा होता रे एकेकाळी. व्हिटबर्नजवळची पोल्केमेटची खाण १९८४ च्या संपात पाण्याने भरली आणि परत चालू झालीच नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ते अजून ऐकायला मिळतं. आता बघायला गेलं तर एक मोठा रस्ता, दोन्ही बाजूंनी बुटकी घरं, पब, चिप्सचं दुकान, बस स्टॉप, बास. एडिनबरा आणि ग्लासगोच्या मधे एम-८ हायवेवरनं जाताना पाटी दिसते आणि लोक पुढे निघून जातात. आणि गंमत बघ, व्हिटबर्न आणि आमच्या लिव्हिंगस्टनच्या मधे ब्लॅकबर्न नावाचं त्याहून छोटं गाव आहे, तिथली सुझन बॉइल! २००९ साली टीव्हीवर उभी राहून गायली आणि सगळं जग थक्क झालं होतं, आठवतंय ना, तू मला यूट्यूबची लिंक पाठवली होतीस. एवढ्याशा पट्टीत दोन दोन आवाज असे निघाले. लुईसची शाळासुद्धा ब्लॅकबर्नमधलीच.

घर एकदम साधं. आई नर्स, वडील मासे विकायचे, चार भावंडांत हा शेंडेफळ. लहानपणी ड्रम बडवायचा, मग गिटार आली, आणि नऊ-दहा वर्षांचा असताना पबमधे गायला लागला. इथे एवढ्या लहान पोराला रात्री पबमधे बसू देत नाहीत, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत कुठेतरी दडून राहायचं, गायचं आणि पळायचं. तुझं आठवलं मला, नववीत असताना सांगलीच्या त्या लग्नात स्टेजमागे पडद्याच्या दोऱ्या धरून बसला होतास, निवेदकाने नाव पुकारलं की माईक. पुढे त्याने इथल्याच एका कॉलेजात संगीताचा कोर्स केला, पण खरं शिक्षण पबमधलंच, जिथे लोक बिअर पितायत, गप्पा मारतायत, मॅच बघतायत आणि त्यांना आपल्याकडे वळवून घ्यायचंय.

बेडरूममधे फोनवर रेकॉर्ड करून नेटवर टाकलेलं गाणं एका मॅनेजरच्या कानावर पडलं आणि तिथनं गाडी सुरू झाली. २०१७ ला 'ब्रूझेस' आलं तेव्हा हा वीस वर्षांचा, पाठीशी कुठलीही मोठी कंपनी नाही, आणि ते स्पॉटिफायवर अडीच कोटी वेळा वाजलं, कंपनीशिवायच्या कलाकाराने एवढ्या लवकर तो आकडा गाठायची ती पहिलीच वेळ. मग सॅम स्मिथसारख्या मोठ्या लोकांच्या आधी अर्धा तास गायची कामं मिळायला लागली. आपल्याकडे मोठा गायक यायच्या आधी लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा जो गातो ना, तो अर्धा तास. तुला ते सांगायला नको.

आणि मग नोव्हेंबर २०१८ ला 'समवन यू लव्हड'. आता इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गाण्यात काय आहे ते तुझ्यासारख्याला सांगण्यात मजा आहे. ओरिजिनल स्केल काळी एक. पेटीवर धरून बघ, सा चा मेजर, मग प चा मेजर, मग ध चा मायनर, मग म चा मेजर, आणि परत सा. जवळजवळ सगळं गाणं याच चार कॉर्डवर फिरतं. ताल म्हणून काही नाही, पियानोवर तेच कॉर्ड एकसारखे ठोकत राहायचे. नवशिक्यालाही आठवड्यात बसेल असं. मग त्यात आहे काय? तर आवाज. अंतऱ्याला तो खाली, बोलल्यासारखा गातो, शब्द जवळजवळ टाकून देतो, आणि धृवपदाला वर चढताना आवाजाला एक खरखर येते, फाटतो की काय असं वाटतं आणि फाटत नाही, तिथेच कडेवर उभा राहतो. दिग्या, लाखो लोक त्याच्या त्या फाटायच्या कडेवरच्या आवाजासाठी गाणं लावतात. घोटीव, गुळगुळीत आवाज पाहिजे असता तर इथे त्याच्याहून तयारीचे ढीगभर गायक आहेत.

एवढं सोपं वाटणारं गाणं लिहायला त्याला सहा महिने लागले, हे तोच सांगतो. लोकांना वाटलं प्रेमभंगाचं गाणं आहे, पेपरवाले त्याच्या जुन्या गर्लफ्रेंडच्या मागे लागले. मग २०२० च्या ब्रिट अवॉर्ड्सला, म्हणजे इथल्या संगीताच्या मोठ्या पुरस्कारांना, स्टेजवर उभं राहून त्याने सांगितलं की हे गाणं माझ्या गेलेल्या आजीवर आहे. हे कळल्यावर मी परत ऐकलं तर ओळी त्याच पण गाणंच वेगळं. व्हिडिओतही प्रेमभंग नाहीये, एक माणूस आहे ज्याची बायको गेलीय आणि तिचं हृदय एका तरुण आईला दिलंय, अवयवदानाचं काम करणाऱ्या संस्थेबरोबर केलेला व्हिडिओ. त्यात जो माणूस आहे तो पीटर कपाल्डी, 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेतला नट, लुईसचा लांबचा नातेवाईक. हा व्हिडिओ काकूंबरोबर बघू नकोस, काका जाऊन फार दिवस नाही झाले.

२०१९ ला ब्रिटनमधे ते गाणं सात आठवडे पहिल्या नंबरवर, त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतही पहिल्या नंबरवर. त्याच्या कितीतरी आधी स्कॉटलंडची गायिका शीना ईस्टन १९८१ मधे तिथपर्यंत गेली होती, म्हणजे बघ केवढी मोठी गोष्ट. पहिला अल्बम मे २०१९ ला आला आणि तो २०१९ चाही सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला ब्रिटनमधे आणि २०२० चाही. सलग दोन वर्षं. ग्रॅमीला नॉमिनेशन, ब्रिटला दोन अवॉर्ड. आणि हे सगळं होत असताना पोरगा इन्स्टावर चड्डी-बनियनवर पिझ्झा खात लोकांना हसवतोय, स्वतःची टिंगल करतोय, गाणी रडायची आणि माणूस हसायचा. लोकांना तेच आवडलं. वहिनी म्हणाल्या तूही आता घरात सारखे विनोद करतोस म्हणून. पोरं हसतात, पण त्यांना कळतं म्हणाल्या, बाबा हसवतात आणि मग गच्चीवर जाऊन बसतात.

मग कोविड आला, सगळं बंद, आणि हा आईवडिलांच्या घरी परत व्हिटबर्नला. दुसरा अल्बम करायचा होता. पहिला एवढा चालल्यावर दुसऱ्याचं ओझं काय असतं ते इथल्या एका डॉक्युमेंटरीत दिसतं, नेटफ्लिक्सवर आहे, २०२३ ची. त्यात एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. तो घरात बसलाय, बोलतोय, आणि त्याचा खांदा उडतोय. मधेच मान वळतेय. आईवडील बघतायत, बोलतायत, काळजी लपत नाही चेहऱ्यावरची. आधी सगळ्यांना वाटलं टेन्शन असेल. त्याला स्वतःला तर काहीतरी भयंकर आजार झालाय असंच वाटायचं. सप्टेंबर २०२२ ला त्याने जाहीर सांगितलं, मला टुरेट सिंड्रोम आहे.

टुरेट म्हणजे काय तर मेंदूकडून स्नायूंना नको असताना हुकूम जातात, डोळे मिचकावले जातात, खांदा उडतो, मान झटकली जाते, काहींच्या तोंडून आवाज निघतात. शिंक येताना जशी आतून उबळ येते तशी उबळ येते, थोडा वेळ दाबता येते, कायमची नाही. जिवाला धोका नसतो, पण ताण आला, दमणूक झाली, अगदी आनंदाने उत्तेजित झाला तरी वाढतं. आता विचार कर, तुझा धंदा काय तर हजारो लोकांसमोर उभं राहून लांब श्वास घेऊन वरचा सूर लावायचा, आणि त्याच क्षणी खांदा उडाला तर श्वास जागेवर राहील का? आणि उडेल या भीतीनेच तो जास्त उडतो. हे चक्र तुला माहितीय. तुझा खांदा उडत नाही एवढंच.

फेब्रुवारी २०२३ ला जर्मनीत फ्रँकफर्टला कार्यक्रम होता, शेवटच्या गाण्यात त्याला टिक्सचा, म्हणजे त्याच खांदा-मान उडण्याचा, झटका आला, गाता येईना. समोरच्या लोकांनी ते गाणं पूर्ण केलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. तुझाही व्हिडिओ फिरला म्हणतोस ना, पण फिरवणाऱ्यात आणि फिरवणाऱ्यात फरक असतो रे, त्या लोकांनी तो फिरवला ते त्याच्यावर जीव आहे म्हणून.

जूनमधे त्याने कार्यक्रम रद्द केले, म्हणाला ग्लॅस्टनबरीच्या आधी तीन आठवडे विश्रांती घेतो. ग्लॅस्टनबरी म्हणजे इंग्लंडमधे सॉमरसेटला एका शेतावर भरणारी संगीताची जत्रा, त्यातलं मोठं स्टेज म्हणजे पिरॅमिड, तिथे गायला मिळणं म्हणजे आपल्याकडे सवाईच्या मंडपात बसायला मिळण्यासारखं. २४ जून २०२३, शनिवार. आम्ही घरी टीव्हीवर लाइव्ह बघत होतो. सुरवातीला ठीक. मग आवाज बसायला लागला. तो मधेमधे लोकांची माफी मागत होता आणि मला इकडे कसंतरी होत होतं, अरे कसली माफी मागतोस बाबा. स्टेजवरनंच म्हणाला की मी परत थोडा थांबेन बहुतेक, या वर्षात कदाचित दिसणार नाही. आणि शेवटचं गाणं आलं, 'समवन यू लव्हड'. पियानोचे ते चार कॉर्ड सुरू झाले, त्याने तोंड उघडलं, मान झटकली गेली, परत, परत. माईक हातात आहे पण सूर येत नाहीये. आणि समोरनं आवाज आला. समोर जमीन दिसत नव्हती एवढी माणसं होती, त्यांनी पहिल्या ओळीपासून गाणं उचललं. तो स्टेजवर इकडून तिकडे चालत होता, मधे एखादा शब्द जमला तर म्हणत होता, नाही जमला तर थांबून ऐकत होता. पियानोवाला वाजवत राहिला, थांबला नाही, मला त्या पियानोवाल्याचंही फार कौतुक वाटलं, साथीदार असावा तर असा. शेजारी बायको रडत होती, मी काही बोलायच्या अवस्थेत नव्हतो.

तीनच दिवसांनी त्याने जाहीर केलं, आता पुढची टूर बंद, कधीपर्यंत ते सांगता येणार नाही, टुरेटबरोबर कसं जगायचं ते मी अजून शिकतोय, तब्येत सावरायला वेळ पाहिजे. अल्बम महिन्यापूर्वीच आलेला, त्यातली तीन गाणी पहिल्या नंबरवर गेलेली, (मला तो अल्बम पहिल्याइतका नाही आवडला, तीच ती भट्टी वाटली, पण तो मुद्दा नाही), जगभरची तिकिटं विकलेली. सव्वीस वर्षांचं पोरगं. आणि थांबला. घसा बसलाय म्हणून नाही सांगितलं त्याने. आहे ते सांगितलं, आणि मग थांबला.

आमच्या ऑफिसात व्हिटबर्नचा एक माणूस आहे, साठीच्या आसपासचा, त्याचे वडील खाणीत होते. सोमवारी जेवायच्या सुट्टीत सगळे त्याच कार्यक्रमाबद्दल बोलत होते, कुणीतरी म्हणालं संपला बिचारा. तर हा एरवी शब्द न बोलणारा माणूस एकदम तापला, म्हणाला संपला काय संपला, आमच्या गावचं पोरगं आहे, दमलंय, घरी येऊ दे. एवढंच बोलला आणि आपला डबा घेऊन उठून गेला. तुझ्याबद्दल असं बोलणारी माणसं सांगलीत नाहीत असं वाटतं का तुला? मला वहिनी म्हणाल्या की तो मिरजेचा तबलजी दर रविवारी येऊन चहा पिऊन जातो, गाण्याचं अक्षरही काढत नाही, नुसता येऊन बसतो. कशाला येत असेल तो?

पुढची दोन वर्षं जवळजवळ काहीच नाही. त्या काळात त्याने थेरपी घेतली, ते तो उघड बोलतो, लाजत नाही. आणि तसा हा विषय त्याने आधीही कधी झाकला नव्हता, २०२० च्या टूरलाच कार्यक्रमाच्या ठिकाणी ज्यांना गर्दीत घाबरायला होतं अशा लोकांसाठी मदतीची सोय केली होती. मला वाटतं हे त्याच्या सगळ्या नंबरांपेक्षा मोठं आहे, आणि ही दोन वर्षं मी त्याच्या करिअरमधे धरतो, वजा नाही करत. कारण ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

२७ जून २०२५. परत ग्लॅस्टनबरी, परत पिरॅमिड. कार्यक्रमपत्रिकेत नावच नाही, नुसतं नंतर जाहीर करू असं लिहिलेलं, पण कुणकुण सगळ्यांना लागलेली. दुपारी आला, जेमतेम अर्ध्या तासाचा कार्यक्रम. म्हणाला जास्त बोलत नाही, बोललो तर रडेन, गेल्या वेळचं अर्धं राहिलेलं पूर्ण करायला आलोय. आणि गायला. नवं गाणं 'सर्व्हाइव्ह' त्याच दिवशी बाहेर आलं, तेही पुढच्या आठवड्यात पहिल्या नंबरवर, त्याचं सहावं. शेवटी परत तेच काळी एकचं गाणं. या वेळी त्याने पूर्ण म्हटलं, लोक बरोबर होतेच पण त्यांनी गाणं उचलायची गरज पडली नाही. सप्टेंबरमधे पुन्हा मोठ्या हॉलमधल्या टूरवर निघाला.

एक सांगतो, तो बरा होऊन नाही आला. टुरेट जात नाही, तो त्याच्याबरोबरच आहे, खांदा अजून उडतो. त्याला आता त्याच्यासकट गाता येतं. तू जे म्हणतोस ना वहिनींना, की आधी भीती पूर्ण जाऊ दे मग बघू, तर तशी वाट बघत बसलास तर पेटी कपाटावरच राहील रे. पण उद्याच स्टेजवर चढ असंही मी म्हणत नाहीये, उलट म्हणतो थांब, सहा महिने थांब, वर्ष थांब, ज्यांनी सुपाऱ्या आणल्यात त्यांना सरळ सांग की मला स्टेजची भीती बसलीय, उपचार चालू आहेत, आत्ता गाणार नाही. ज्याला नावं ठेवायचीत तो ठेवेल. बाकीचे थांबतील तुझ्यासाठी. मी तुला पंचवीस वर्षं ऐकतोय, पहिल्या बाकावरनं, मला माहितीय लोक तुझ्याकडे कशाला येतात. तुझा आवाज वर जाताना थोडा थरथरतो आणि तिथेच माणसं मान खाली घालून डोळे पुसतात. ते मी स्वतः पाहिलंय.

वहिनींनी मिरजेतल्या एका मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवलीय, तुला अजून सांगितलेलं नाही, तू तडकशील म्हणून घाबरतायत. मी सांगून टाकतोय. पुढच्या गुरुवारी साडेपाच. दुकान लवकर बंद कर आणि जा. एकट्याने जायला नको वाटलं तर त्या तबलजीला घेऊन जा, तो बाहेर बसेल. माझ्यासाठी जा म्हणत नाही, पण जाऊन आलास की त्याच रात्री मला फोन कर, तुझे दहा वाजले तरी चालतील, मी ऑफिसातनं बाहेर येऊन घेईन. आणि ग्लॅस्टनबरीचे दोन्ही व्हिडिओ पाठवतोय, आधी २०२३ चा बघ, मग २०२५ चा, मोबाइलवर नको, टीव्हीला लाव. पोरांनाही बसव बरोबर, थोरलीला तर गाणं पाठच असेल.

डिसेंबरात येतोय, तिकिटं काढलीत. काकूंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्यासाठी इथलं मलम मागितलं होतं ते घेतलंय. धाकट्याला सांग ग्लासगोच्या फुटबॉल क्लबचा टीशर्ट आणतोय, पण रेंजर्स की सेल्टिक ते आधी विचारून कळव, इथे त्यावरनं भांडणं होतात.

तुझा,
विन्या